आधीं ओळख, मग औषध

मार्गशीर्ष लागला, वालाच्या वेलाला फुलें धरूं लागलीं आणि मध्येंच दोन दिवस आभाळ आलें, कीं परसांतील चित्र पाहतां पाहतां पालटतें. काल ज्या शेंड्यांवर कोंवळी तुकतुकी होती तेथें आज खसखशीएवढे काळे जीव एकमेकांस खेटून बसलेले दिसतात. पानें आंत वळूं लागतात आणि खालच्या पानांना हात लावला तर बोटें चिकट होतात. यालाच शेतकरी मावा पडला असें म्हणतो, व पानांवर पसरलेल्या त्या गोडसर द्रवास चिकटा म्हणतो. अशा वेळीं घरांतील मंडळींच्या तोंडून एकच प्रश्न निघतो: "यावर औषध कोणतें?"

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु क्रमानें तो दुसरा आहे. हा जीव कोण, आणि याच्या आजूबाजूस आणखी कोण कोण आहेत, हा पहिला प्रश्न. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं; बागेच्या बाबतींत मात्र आपण रोग्याचें तोंडहि न पाहतां बाटलीचें बूच काढतों. परसांतील, शेतांतील आणि कोठीच्या खोलींतील किडींविषयीं या वेळीं जें सांगावयाचें आहे, त्याचा सारा भर या एका गोष्टीवर आहे, कीं मारण्यापूर्वीं ओळखावें.

मावा पडलेला एखादा शेंडा सकाळच्या उन्हांत भिंगाखालीं धरून पाहावा. मुलांच्या दप्तरांतलें साधें भिंगहि पुरतें. त्या काळ्या घोळक्यांत दोन-तीन निराळे जीव हटकून दिसतील. पाठ घुमटासारखी, तांबड्या किंवा पिवळ्या रंगावर काळे ठिपके अथवा नागमोडी रेघा, असा तो ढालकिडा बहुतेकांच्या ओळखीचा असतो. परंतु त्याची अळी ओळखणारें घर विरळा. ती करड्या-काळ्या रंगाची, लांबट, सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, एखाद्या इवल्याशा सुसरीसारखी दिसते. आणि तिचें तें उग्र रूप पाहून, हीच ती कीड असें समजून, सर्वांत आधीं तीच चिरडली जाते. वास्तविक तिचा व तिच्या आईबापांचा आहार एकच, तो म्हणजे मावा. पूर्ण वाढ होईपर्यंत अशी एक अळी शेंकडों मावे फस्त करते.

त्याच शेंड्यावर हिरवट रंगाची, बिनपायांची, जळवेसारखी सरकणारी दुसरी एक अळी आढळते. मधमाशीसारखे पट्टे असलेली जी लहानशी माशी कोथिंबिरीच्या फुलांवर हवेंत एके जागीं स्थिर राहिलेली दिसते, तिची ही संतति. हिचेंहि भक्ष्य मावाच. पानाच्या पाठीमागें केंसासारख्या बारीक देंठाच्या टोंकाला एखादें इवलेंसें अंडें तोललेलें दिसलें, तर तें हिरव्या जाळीदार पंखांच्या किड्याचें समजावें. शेतकरी यास क्रायसोपा या नांवानें ओळखतात. कांहीं मावे मात्र फुगून वाळल्या काडीच्या रंगाचे झालेले व जागच्या जागीं निश्चल बसलेले असतात. नीट पाहिलें तर त्यांच्या पाठीला सुईनें पाडावें तसें वाटोळें भोंक दिसतें. चिलटाहूनहि लहान अशा एका गांधीलमाशीनें त्यांच्या शरीरांत अंडें घातलें होतें. त्यांतील पिल्लू माव्यास आंतल्या आंत खाऊन, वाढून, त्या भोंकांतून उडून गेलें. ज्या वेलावर अशीं रिकामीं टरफलें वाढूं लागलीं, त्या वेलाची चिंता करण्याचें कारण उरत नाहीं.

म्हणजे ज्यास आपण कीड म्हणतों तो एक घोळका नसून दोन पक्ष आहेत: एक चोरांचा व दुसरा पहारेकऱ्यांचा. आतां या दोन पक्षांचा हिशेब पाहिला पाहिजे, कारण सारें मर्म त्यांतच आहे. माव्याच्या माद्या उबदार दिवसांत नराची वाट पाहत नाहींत. त्या अंडींहि घालीत नाहींत, थेट पिलांना जन्म देतात, आणि तीं पिलें आठ-दहा दिवसांत स्वतः प्रसवूं लागतात. उलट ढालकिड्याला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत दोन ते तीन आठवडे लागतात. शत्रूचें कुटुंब झपाट्यानें वाढतें, पहारेकऱ्याचें सावकाश. म्हणून आरंभींचे आठ-दहा दिवस मावाच वरचढ दिसतो. पुढें मात्र मुबलक खाद्य पाहून पहारेकऱ्यांची संख्या वाढते आणि पारडें फिरतें.

नेमक्या त्या पहिल्या आठ दिवसांत घाबरून आपण जालीम औषध फवारतों. औषध चोर-शिपाई असा भेद करीत नाहीं. वळलेल्या पानांच्या कुशींत लपलेले चार मावे वांचतात. उघड्यावर हिंडणारे शिपाई मात्र बहुतेक मरतात, आणि जे विषानें मरत नाहींत त्यांची भक्ष्यावांचून उपासमार होते. मग त्या चार माव्यांना रान मोकळें. पंधरा दिवसांनीं वेल पुन्हां काळा होतो, आपण दुप्पट तीव्र औषध आणतों, आणि त्यांतूनहि जे वांचतात त्यांची पुढील पिढी त्या औषधास जुमानीत नाहीं. औषधाचा खर्च वाढतो, कीड वाढते, आणि दोहोंचा परस्परसंबंध कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

हें केवळ परसांतलें तर्कट नव्हे. इंडोनेशियांत भाताचें उत्पन्न वाढविण्यासाठीं सरकारनें कीटकनाशकें स्वस्तांत उपलब्ध करून दिलीं होतीं. तरी भातावरील तपकिरी तुडतुडे उलट वाढतच गेले, कारण त्यांना खाणारे कोळी व किडे फवारणीनें आधीं मरत होते. अखेर १९८६ सालीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं भातावर वापरण्यास ५७ कीटकनाशकांची बंदी केली. फवारणी घटली, परंतु भाताचें उत्पन्न घटलें नाहीं.

याचा अर्थ हात जोडून स्वस्थ बसावें असा नव्हे. उपायांनाहि एक क्रम आहे आणि तो सौम्यापासून तीव्राकडे जातो. प्रथम बोटांनीं मावा पुसून काढावा, किंवा पिचकारीनें पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या पाठीवर मारावा. खालीं पडलेल्या माव्यांपैकीं फारच थोडे पुन्हां वर चढूं शकतात. तेवढ्यानें न भागल्यास साबणाचें पातळ पाणी शिंपडावें, मात्र आधीं एका फांदीवर प्रयोग करून पानें करपत नाहींत ना हें दुसऱ्या दिवशीं पाहावें. त्यानंतरची पायरी निंबोळीची. वाळलेल्या निंबोळ्यांचा गर ५० ग्रॅम घेऊन जाडसर कुटावा, फडक्यांत बांधून एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजत ठेवावा, सकाळीं पिळून गाळून घ्यावा आणि त्यांत चिमूटभर साबण मिसळून त्याच दिवशीं सायंकाळीं फवारावा. सायंकाळ यासाठीं, कीं निंबोळींतील गुणकारी द्रव्य कडक उन्हांत लवकर निकामी होतें. हा अर्क कीड तात्काळ मारीत नाहीं. तो तिची भूक मोडतो व वाढ खुंटवितो. म्हणून दुसऱ्या दिवशीं किडे जिवंत दिसले तर निराश होऊं नये.

घरांतील कांहीं झाडें तर अशीं आहेत कीं त्यांच्याजवळ विषाची बाटली नेण्याचा विचारहि करतां येत नाहीं. तुळशीचेंच उदाहरण घ्या. तिच्या पानांवर कधीं कधीं पांढुरके ठिपके पडतात, पानें वळतात, करपतात, आणि पाठीमागें काळ्या विष्ठेचे बारीक कण दिसतात. हें काम जाळीदार पंखांच्या, तिळाहूनहि बारीक अशा एका ढेंकणाच्या जातीचें. जीं पानें नैवेद्यावर ठेवावयाचीं व तीर्थांत घालावयाचीं, त्यांवर विष फवारण्यासारखी विसंगति नाहीं. रोगट फांद्या छाटून पुरून टाकाव्या, उरलेल्या झाडास चार-पांच दिवस जोराच्या पाण्यानें धुवावें, मंजिऱ्या वेळच्या वेळीं खुडाव्या. नवी पालवी स्वच्छ येते. हाच न्याय कढीलिंबास, पुदिन्यास व आळवासहि लागू आहे.

जास्वंदीवर कापसाच्या पुंजक्यांसारखी जी कीड बसते तिला पिठ्या ढेंकूण म्हणतात. येथें ओळखीची चूक आणखी महागांत पडते. क्रिप्टोलेमस नांवाचा एक ढालकिडा १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतून भारतांत आणला गेला. त्याचें मुख्य भक्ष्य पिठ्या ढेंकूण. परंतु त्याची अळीहि अंगावर पांढऱ्या मेणाच्या झालरी मिरविते, इतकी कीं पाहणाऱ्यास तो मोठाच पिठ्या ढेंकूण वाटावा. फरक चालींत आहे. पिठ्या ढेंकूण बहुधा सोंड रोवून जागीं बसलेला असतो; ही अळी लगबगीनें हिंडत असते. जो धांवतो त्यास मारूं नये, एवढी खूण लक्षांत ठेविली तरी पुष्कळ उपयोग होईल. त्याच फांदीवर मुंग्यांची रांग वर चढतांना दिसली, तर त्या मुंग्यांकडेहि लक्ष द्यावें. मावा व पिठ्या यांच्या अंगांतून पाझरणाऱ्या गोड रसासाठीं मुंग्या त्यांना गुरांसारख्या राखतात आणि पहारेकऱ्यांना हुसकून लावतात. खोडाभोंवतीं कागदाची पट्टी गुंडाळून तीवर चिकट ग्रीस लावली, कीं मुंग्यांची वाट बंद होते, आणि पुढचें काम पहारेकरी आपण होऊन करतात.

निरीक्षण अर्धवट राहिलें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण आपल्याच परंपरेंत आहे. भिंतीच्या कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटींत, क्वचित् पुस्तकांच्या कण्याशीं मातीचें इवलेंसें मडकें बांधणारी कुंभारीण सर्वांनीं पाहिलेली असते. ती बाहेरून अळी आणून त्यांत कोंडते, तोंड लिंपते, आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून कुंभारीणच बाहेर पडते. यावरून कीटक भ्रमराच्या ध्यासानें भ्रमर होतो, हा भ्रमरकीटन्याय रूढ झाला. दृष्टान्त म्हणून तो सुंदर आहे, आणि त्यांतील परमार्थ कोणी हिरावून घेऊं नये. परंतु मडकें उघडून पाहणाऱ्यास निराळेंच दृश्य दिसतें. छताला धाग्यानें टांगलेलें एक अंडें असतें, आणि खालीं दंश करून लुळ्या पाडलेल्या, परंतु जिवंत अशा अळ्यांची शिदोरी रचलेली असते. अंड्यांतून निघालेलें पिल्लू ती शिदोरी खाऊन मोठें होतें. या अळ्या बहुधा आपल्याच झाडांवरून उचललेल्या असतात. म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवरील ज्या मातीच्या डागावर आपण झाडू मारतों, तो डाग आपल्या बागेच्या रखवालदाराचें घर असतो. वाटेंत येत नसेल तर तो तसाच राहूं द्यावा.

मुलांना हें सारें दाखविण्यास लिंबाचें झाड फार सोयीचें. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी असते; मोठी झाली कीं ती हिरवीगार होते, आणि बोट लावतांच डोक्यामागून तांबूस दुभंगलेली शिंगें बाहेर काढून उग्र वास सोडते. झाड लहान असेल तर अळ्या वेंचून काढाव्या. मोठ्या झाडास चार अळ्यांनीं कांहीं होत नाहीं. एखादी अळी जाळीदार झांकणाच्या बरणींत ठेवून तिला रोज ताजीं पानें घालण्याचें काम मुलांकडे द्यावें. कोश होतो, आणि आठ-पंधरा दिवसांत त्यांतून फुलपाखरूं निघतें. क्वचित् फुलपाखराऐवजीं चिलटाएवढ्या पुष्कळशा गांधीलमाशा निघतात. मुलें हिरमुसतात; परंतु त्या दिवशीं तीं जें शिकतात तें पाठ्यपुस्तकांतील दहा पानांनींहि शिकतील असें नाहीं.

परसांतला हा हिशेब शेतांतहि तसाच चालतो. फक्त आंकडे मोठे होतात. २००२ सालच्या पावसाळ्यांत सांगली जिल्ह्यांतील उसावर लोकरी मावा प्रथम दिसला. ईशान्य भारतांत ही कीड पूर्वींपासून होती. इकडच्या शेतकऱ्यास ती सर्वस्वी अपरिचित. पानांच्या पाठीवर कापूस पिंजून लावावा तशी पांढरी लोकर, खालच्या पानांवर चिकटा, आणि त्या चिकट्यावर वाढणारी काजळीसारखी बुरशी! पाहतां पाहतां दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकांतील उसाचे मळे पांढरे झाले. पुरुषभर उंचीच्या दाट उसांत शिरून पानाच्या पाठीवर औषध पोंचविणें जवळजवळ अशक्य. त्यांतून मेणचट लोकरीमुळें औषध अंगास लागतहि नसे. अशा वेळीं संशोधकांचें लक्ष दोन पहारेकऱ्यांकडे गेलें. एक डिफा नांवाचा लहानसा पतंग, ज्याची अळी लोकरी मावा खाते. दुसरा मायक्रोमस नांवाचा तपकिरी, जाळीदार पंखांचा किडा. ज्या शेतांत ते आढळले तेथील पानें कापून, अळ्या व कोशांसह, दुसऱ्या शेतांतील उसास अडकविण्यांत आलीं. त्यांची मुद्दाम पैदासहि करण्यांत आली. अट एकच होती, कीं जेथें ते सोडले तेथें विषारी फवारणी करावयाची नाहीं. कांहीं हंगामांतच मावा आटोक्यांत आला. सांगली-कोल्हापूरकडील ज्या घरांची शेती आहे, तेथील वडीलधाऱ्यांना ही हकीकत अजून आठवत असेल.

मात्र नुसती वाट पाहिल्यानें प्रत्येक कीड जाईल असें मानूं नये. परदेशांतून येणारी कीड आपले पहारेकरी मागें ठेवून येते. पपईवरील पिठ्या ढेंकणाची एक अमेरिकी जात २००८ सालीं कोइमतूर येथें प्रथम आढळली, आणि पपईबरोबरच तुतीसारख्या इतर झाडांनाहि तिनें ग्रासलें. येथील शिपाई तिला पुरे पडेनात. तेव्हां २०१० सालीं बंगळूरच्या कीटकशास्त्रज्ञांनीं पोर्टो रिको येथून त्या किडीचे मूळचे शत्रू, म्हणजे तिच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या बारीक गांधीलमाशा, मागविल्या व पारखून सोडल्या. त्यांनीं थोड्या काळांतच तिचा बीमोड केला. येथेंहि यश आलें तें ओळखीनें. कीड कोणती व ती कोठली हें आधीं निश्चित झालें, म्हणून तिचा शत्रु शोधतां आला.

शेतीशास्त्रानें या सर्व विचारास एक व्यावहारिक रूप दिलें आहे, तें म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी. कीड दिसली कीं फवारणी असा नियम नसून, कीड मोजून, फवारणीच्या खर्चाहून नुकसान अधिक होणार असें दिसेल तेव्हांच फवारणी, असा तो नियम आहे. हरभऱ्यावरील घाटेअळी एक मीटर ओळींत एक-दोन आढळेपर्यंत हात आवरावा. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी एकदां बोंडांत शिरली कीं औषध तिच्यापर्यंत पोंचतच नाहीं; म्हणून तिच्या पतंगांना मादीच्या वासानें भुलविणारे कामगंध सांपळे शेतांत लावतात, आणि एका सांपळ्यांत सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग सांपडले तरच उपाय योजतात. हरभऱ्यांत पक्ष्यांना बसण्यासाठीं काटक्या रोवाव्या. कोतवाल व साळुंकी हे बिनपगारी मजूर आहेत. टोमॅटोच्या ओळींभोंवतीं झेंडू लावावा, म्हणजे घाटेअळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडीं घालतो व त्या कळ्या खुडून टाकतां येतात.

ओळखीवांचून केलेल्या फवारणीची किंमत केवळ रुपयांत मोजतां येत नाहीं. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडोंना रुग्णालयांत ठेवावें लागलें. कपाशी डोक्याइतकी उंच वाढलेली, तोंडावर साधें फडकें, दोन-तीन औषधें एकत्र कालविलेलीं, आणि पाठीवर पंप: असें तें चित्र होतें. हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनीं पुसा येथें राहून भारतीय कीटकसृष्टीवरील 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' हा मोठा ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध केला. एवढा जाणता पुरुष, परंतु पुढें लंडनमध्यें कीटकनाशक वायूवर प्रयोग करीत असतां १९२५ सालीं त्या वायूनेंच त्यांचा अंत झाला. विष विद्वानास ओळखत नाहीं. मग अक्षरओळख नसलेल्या मजुरास तें काय ओळखणार?

आपल्यापैकीं पुष्कळांचीं शेतें गांवीं वाट्यानें दिलेलीं असतात आणि फवारणारा हात दुसऱ्याचा असतो. त्या हाताची जबाबदारी मालकाकडे येते. औषधाच्या डब्यावरील चौकटीचा रंग तरी प्रत्येक घरांत ठाऊक असावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल व पिवळ्या खुणेचें औषध आपल्या शेतांत येऊं द्यावयाचें कीं नाहीं, हें घरच्या बैठकींत ठरविण्यासारखें आहे. हातमोजे, डोळ्यांचा चष्मा व तोंडावरील पट्टी यांचा खर्च मालकानें द्यावा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनें फवारूं नये हें बजावून सांगावें.

ज्यांचें शेतच नाहीं त्यांचाहि या गोष्टीशीं संबंध आहे, आणि तो भाजीच्या पिशवींतून येतो. मंडईंत वांगें उलटसुलट करून, एक भोंक दिसतांच बाजूस टाकणारा आपला हातच शेतकऱ्यास पुन्हां पुन्हां फवारणी करावयास लावतो. वांग्यांतील अळी भाजी चिरतांना काढून टाकतां येते. सालीवर राहिलेलें विष डोळ्यांस दिसत नाहीं. किडकीं वांगीं मुद्दाम आणावीं असें नव्हे. परंतु चार वांग्यांत एकास भोंक असलें तर त्या विक्रेत्याशीं वाद न घालतां तेवढा भाग कापून टाकावा, इतकी सहनशीलता गृहिणीनें दाखविली तर तिचा परिणाम शेतापर्यंत पोंचतो.

आतां कोठीकडे वळूं, कारण नवा तांदूळ घरांत येण्याचे हे दिवस. तांदळांतील सोंडकिड्याची मादी दाण्यास भोंक पाडून आंत अंडें घालते व तें भोंक बुजवून टाकते. अळी, कोश, सारें दाण्याच्या आंत. बाहेर येतो तो सुमारें महिन्यानें पूर्ण वाढलेला किडा. म्हणून किडा दिसल्यावर चाळणें हा अर्धाच उपाय होय. दाण्यांतील पुढची पिढी चाळणींतून जात नाहीं. गहूं, ज्वारी व कडधान्यें कडक उन्हांत पातळ पसरून वाळवावीं, पूर्ण निवल्यावर कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावीं, आणि थरांमध्यें सांवलींत वाळविलेला कडुलिंबाचा पाला घालावा. तांदूळ कडक उन्हांत तुटतो. त्यास सांवलींतली हवाच द्यावी. रवा, मैदा अशा थोड्या जिनसा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत चार दिवस ठेविल्या तर आंतील अंडीं मरतात. कडधान्यांवरील भुंगेऱ्याची गोष्ट निराळी: तो अंडीं दाण्याच्या पाठीवर चिकटवितो, आणि तीं पांढऱ्या ठिपक्यांसारखीं दिसतात. आपल्या आज्या तूर-मुगाला एरंडेल चोळीत असत, त्याचें कारण येथें उघड होतें. तेलाच्या पातळ थरानें अंड्यांस हवा मिळत नाहीं व तीं गुदमरतात. किलोस चहाचे एक-दोन चमचे तेल पुरतें.

याउलट धान्यांत ठेवावयाच्या ज्या विषारी गोळ्या कांहीं जण हौसेनें घरीं आणतात, त्यांच्यापासून कटाक्षानें दूर राहावें. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेंतील ओलाव्यानें फॉस्फिन वायु सोडते. तो वायु दाराच्या फटींतून निजावयाच्या खोलींत शिरतो, आणि त्यावर उतारा नाहीं. त्या गोळ्या बंद गोदामांत, शिक्षण घेतलेल्या माणसांनीं वापरावयाच्या आहेत. लहान मुलें व म्हातारीं माणसें ज्या घरांत निजतात तेथें चार पायल्या गव्हासाठीं ती जोखीम घेण्यास कांहीं अर्थ नाहीं.

शेवटीं, एक सोपा परिपाठ सुचवावासा वाटतो. घरांतील एका मुलाकडे किंवा मुलीकडे एक वही व भिंग द्यावें. वालाच्या, शेवंतीच्या अथवा मिरचीच्या दहा शेंड्यांना दोरा बांधून खूण करावी. एक दिवसाआड, सकाळीं, पाण्याची झारी हातीं घेण्यापूर्वीं, त्या दहा शेंड्यांवर मावा किती, ढालकिडे व त्यांच्या अळ्या किती, फुगलेलीं टरफलें किती, हें मोजून दोन रकान्यांत लिहावें. दहाव्या दिवशीं वही आजोबांपुढें ठेवावी. दुसरा रकाना वाढत असेल तर हात आवरावा. पहिलाच वाढत असेल तर पाणी, साबण, निंबोळी या क्रमानें पुढें जावें. शिवाय कोथिंबीर किंवा शेपूचा एक लहानसा वाफा न खुडतां फुलोऱ्यास येऊं द्यावा. पहारेकऱ्यांना मध व पराग यांची शिधासामग्री तेथून मिळते. गच्चींत चारच कुंड्या असतील तरी त्यांतील एक यासाठीं राखतां येईल.

हें लिहून ठेवण्याचें काम क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत मोजल्यावांचून मारावयाचें नाहीं असा नियम पडला, त्या घरांत विषाच्या बाटल्या आपोआप कमी होतात. मार्गशीर्षांतील मावा पौषांत कमी झाला कीं नाहीं, आणि तो कोणी कमी केला, याचें उत्तर वहीच्या त्या दोन रकान्यांत मिळेल.